रंगूनची हिरवी माळ

१

मण्यांचं काम मी दुपारी करते. स्वयंपाक, पाणी, धुणं उरकून दीड वाजता खिडकीपाशी बसायचं आणि चारपर्यंत उठायचं नाही, असा बावीस वर्षांचा शिरस्ता आहे. खिडकी उत्तरेकडे आहे. मण्याचा खरा रंग उत्तरेच्या उजेडातच कळतो. ट्यूबलाइटखाली सगळेच मणी खोटं बोलतात.

माझे वडील नाशिकच्या सराफ बाजारात पटवेकरी होते. माळा, पोती, मंगळसूत्रं गाठवून द्यायचे. लग्न होऊन चेन्नईला आले तेव्हा माझ्याकडे दुसरं काही शिक्षण नव्हतं, पण बोटांत तेवढी गाठ होती. टी. नगरच्या दोन-तीन दुकानांचं काम अजून माझ्याकडे येतं. मोती, पोवळी आणि हल्ली जेड. जेड म्हणून येतं त्यातलं दहात नऊ जेड नसतंच. कुठला तरी हिरवा दगड रंगात बुडवलेला असतो. भिंगाखाली धरला की रंग भेगांमधून साचलेला दिसतो, भिंतीतल्या ओलीसारखा. मी काही बोलत नाही. ओवते आणि परत देते.

इरा तेव्हा तीन महिने घरी होती. आमची एकुलती एक मुलगी, सव्वीस वर्षांची. एका सकाळी ती ऑफिसच्या कामासाठी लॅपटॉप उघडून बसली आणि संध्याकाळपर्यंत तशीच बसून राहिली. एक अक्षर टाइप केलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, फार दमली आहे, वेळ लागेल. गोळ्या दिल्या. तेव्हापासून ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. जेवण ताटात तसंच. मी डोकावले की म्हणायची, "आई, प्लीज, डोर लाव." ती इथेच जन्मली, इथेच शिकली, तिच्या मराठीत निम्मं इंग्रजी आणि उरलेल्यात पाव तमिळ. पण आताशा ती कुठल्याच भाषेत चार शब्दांच्या वर बोलत नव्हती.

मी दार लावायची आणि खिडकीपाशी येऊन बसायची. खरं सांगायचं तर मीही दमले होते. आजारी माणसाची काळजी करून माणूस दमतं, आणि दमलो याची लाज वाटून आणखी दमतं.

अशा एका मंगळवारी रम्या आली.

२

रम्या तिशीची होती. चांगली साडी, पण डोळ्यांखाली काळं. टी. नगरच्या एका दुकानातून तिला माझा पत्ता मिळाला होता. तिचं घर एग्मोरला, स्टेशनच्या मागच्या बाजूला. तंजावरच्या मराठ्यांपैकी. ती मराठी बोलायला लागली की तमिळ ऐकतोय असं वाटायचं, आणि मधेच एखादा इतका जुना शब्द यायचा की मला माझी पणजी आठवायची.

"आत्तेची माळ आहे, आंटी," ती म्हणाली. त्रिपुरसुंदरीबाई ही तिच्या वडिलांची बहीण. लग्न झालेलं, मूलबाळ नाही, ती रम्याकडेच राहायची. "आत्तेचे सासरे रंगूनला होते. तिथून आणलेली. लग्नात घातली, ती काढलीच नाही. पन्नास वर्षं. न्हाताना पण नाही."

"मग आता?"

"आत्ते पडली. डोक्याचं स्कॅन करायचं होतं. हूक उघडेना, तर हॉस्पिटलमध्ये दोरा कापला." तिने पर्समधून प्लॅस्टिकची पिशवी काढली. हॉस्पिटलची, वर नाव आणि नंबर चिकटवलेला. "स्कॅनमध्ये काही नाही म्हणाले. पण तेव्हापासून बोलत नाही. नुसती पाहते. मला वाटतं, माळ परत घातली तर बरं वाटेल. पावम्, बिचारीला सवय असते ना."

मी पिशवी मखमलीच्या ताटात रिकामी केली.

बावीस वर्षांत मी असे मणी हाताळले नव्हते. कोवळं केळीचं पान उन्हाकडे धरलं की त्यातून जो हिरवा झिरपतो, तो रंग. पण सपाट नाही. प्रत्येक मण्यात उजेड थोडा आत जाऊन थांबत होता, परत बाहेर यायची घाई नसल्यासारखा. हाताने घासलेले असल्यामुळे कुठलाच पुरता गोल नव्हता. वेज दोन्ही बाजूंनी पाडलेलं, मधोमध किंचित चुकून भेटलेलं. यंत्र अशी चूक करत नाही. कुणीतरी एकेका मण्याशी आठवडा-आठवडा बसलं असणार. मी एक मणी गालाला लावला. खरं जेड गालाला गार लागतं, उन्हाळ्यातसुद्धा. पटकन तापत नाही. ही आमची सगळ्यात जुनी परीक्षा.

मणी कोमट होता.

"तुमच्या पर्सला ऊन लागलं का?" मी विचारलं.

"कॅबमध्ये एसी होता, आंटी. का?"

"काही नाही. शुक्रवारी घेऊन जा."

३

शुक्रवारपर्यंत तो कोमटपणा गेला नाही.

मी त्यावर फार विचार केला नाही, असं सांगितलं तर खोटं ठरेल. पहिल्या दिवशी मी मणी स्टीलच्या डब्यात घालून लोखंडी कपाटात ठेवले. दुसऱ्या दुपारी डबा हातात घेतला तर बाहेरून गार. झाकण काढून बोटं आत घातली तर मणी कोमट, आत्ताच कुणाच्या तरी गळ्यातून उतरवल्यासारखे. मग मी एक मणी वाटीत पाण्यात टाकून ठेवला. अर्ध्या तासाने पाणीच कोमट झालं. एप्रिल होता, चेन्नईत नळालाही गरम पाणी येतं, असं म्हणून मी मणी काढून घेतला आणि पाणी मोरीत ओतलं. दगडाचीही जातकुळी असते, एखादा असेल उष्णता धरून ठेवणारा. वडील असते तर विचारलं असतं.

काम मात्र सुरेख चाललं होतं. खरं म्हणजे इतकं सुरेख माझ्या हातून बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं. रेशमाची दुहेरी दोरी, प्रत्येक मण्यानंतर एक गाठ, सुईच्या टोकाने गाठ मण्याच्या पोटाशी सरकवायची. एरवी तासाभराने माझी मान धरते. ही माळ गाठवताना मला मान आहे हेच आठवत नव्हतं.

गुरुवारी चारच्या सुमाराला शेवटची गाठ मारून हूक बसवला आणि माळ उजेडात धरली. तेवढ्यात इरा पाणी प्यायला बाहेर आली. केस विस्कटलेले, तोच चार दिवसांचा टी-शर्ट. फ्रिजपर्यंत गेली आणि तिथेच थांबली.

"वॉव," ती म्हणाली.

तीन महिन्यांत तिने कशाकडे बघून काही म्हटलं नव्हतं. मी माळ तिच्यापुढे धरली.

"घालून बघतेस?"

गिऱ्हाइकाची वस्तू कुणाच्या गळ्यात घालायची नाही, हा वडिलांचा पहिला नियम होता. मी स्वतः कधी एक मोती कानाला लावून पाहिला नाही. पण इरा माझ्याकडे पाठ करून उभी राहिली, केस वर धरले, आणि मी तिच्या मानेवर हूक लावला.

ती थोडा वेळ तशीच उभी होती. मग खाली आपल्या पायांकडे पाहिलं. एक पाऊल उचललं, ठेवलं. दुसरं उचललं, ठेवलं. आणि हसली.

४

त्या संध्याकाळी ती जेवली. दोनदा भात घेतला. माझे यजमान मधुसूदन कारखान्याच्या बसने आले तेव्हा ती बाल्कनीत उभी राहून खालची वर्दळ बघत होती. ते बूट काढायचे विसरले. स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाले, "काय केलंस?"

"काही नाही. माळ घालायला दिली."

"असू दे मग गळ्यात. राहू दे."

"उद्या द्यायचीय ती."

"हेमा, पोरगी उभी आहे गं," ते म्हणाले. "चार दिवसांनी कुणाचं काय अडतंय?"

सकाळी रम्याचा फोन आला. "रेशीम संपलंय," मी म्हणाले. "बंगळूरहून मागवलंय. तीन-चार दिवस लागतील." जीभ अडखळली नाही. खोटं बोलणं इतकं सोपं असतं हे मला त्या वयात कळलं.

पुढचे दिवस घराला सण असल्यासारखे गेले. इरा पहाटे उठायची, न्हायची, केस विंचरायची. लिफ्ट असून तीन जिने उतरून जायची आणि मोगऱ्याचा गजरा घेऊन तीन जिने चढून यायची. धापही लागायची नाही. परत जायची. जमिनीवर मांडी घालून बसायची, उठायची, पुन्हा बसायची, आणि प्रत्येक वेळी चेहऱ्यावर तेच नवल. खूप दिवस झोपून राहिली होती, अंग मोकळं करते आहे, असं मी म्हटलं.

तिला कॉफी आवडायला लागली. पूर्वी तिला वासही सोसायचा नाही. आता ती पितळी पेला वर धरून, ओठ न लावता, इथल्या म्हाताऱ्या माणसांसारखी घशात धार सोडायची. इथलीच मुलगी ती, कुणाचं तरी बघून शिकली असेल.

आणि तिची मराठी सुधारली. मला केवढा आनंद झाला त्याचा! एकही इंग्रजी शब्द न घालता ती सलग बोलायची. थोडा वेगळा हेल होता, एखादा शब्द जुना. मी फोनवर नाशिकच्या बहिणीला सांगितलं, "इरा बघ कशी बोलायला लागली आहे." मोबाइल तिच्याकडे दिला. तिने तो उलटा धरला, मग सुलटा केला, आणि "क्षेम ना आस्के?" असं विचारलं. बहीण म्हणाली, "आस्के म्हणजे गं काय?" मला तरी कुठे माहीत होतं? नंतर कळलं, एग्मोरला रम्याच्या तोंडून. आस्के म्हणजे सगळे.

रम्याचे फोन येत राहिले. सोमवारी ती म्हणाली, "आंटी, आत्ते बोलायला लागली."

"अरे वा! बघा, माळेशिवायच बरं वाटलं."

"बरं नाही, आंटी." ती म्हणाली. "गुरुवारी संध्याकाळपासून सारखी हाका मारते. 'आई, आई' करते. दिवसभर."

"म्हातारपणी आईची आठवण येते हो."

"असेल," रम्या म्हणाली. "पण आमच्यात कुणी आई म्हणत नाही. आत्ते तिच्या आईला अम्मा म्हणायची."

मी म्हणाले रेशीम उद्या येईल. फोन ठेवला. इरा बाल्कनीत गजरा माळत गुणगुणत होती. मी तिच्या पाठीकडे बघत उभी राहिले आणि एक साधी गोष्ट माझ्या लक्षात आली. गुरुवारपासून तिने मला एकदाही हाक मारली नव्हती.

५

ती संपूर्ण दुपार मी स्वतःशी वाद घालण्यात काढली. हाक कशाला मारेल? घर केवढं, दोन खोल्यांचं. मी समोरच असते. आनंदात माणूस हाका मारत नाही, अडचणीत मारतं. असं स्वतःला पटवून मंगळवार गेला, बुधवार गेला. मी तिला हाक मारायला लावायचा प्रयत्न केला. मुद्दाम आतल्या खोलीत जाऊन बसायची. ती दारात यायची, चौकटीला हात लावून उभी राहायची आणि मी वर बघेपर्यंत वाट पाहायची. मग गोड हसून म्हणायची, "कापी करू?"

बाकी तक्रारीला जागा नव्हती. भांडी घासून ठेवायची, माझे पाय चेपायला बसायची. "फार कष्ट झाले," म्हणायची. कुणाला, ते सांगायची नाही. त्या हातांत माया होती, हे मी आजही नाकारणार नाही.

रविवार आला. मधुसूदन जेवून आत झोपले होते. इरा बाहेर सोफ्यावर आडवी झाली होती, तिलाही डोळा लागला होता. मी खिडकीपाशी बसले होते, पण ताट रिकामं होतं. त्या आठवड्यात मी दुसऱ्या कुणाचं काम हातात घेतलं नव्हतं. पंखा फिरत होता. खाली कुणीतरी शेअर रिक्षावाल्याला हाका मारत होतं. मी सहज तिच्याकडे पाहिलं.

इराचा श्वास मला पाठ आहे. लहानपणी तिला दमा होता. किती तरी रात्री मी तिच्या छातीवर हात ठेवून काढल्या आहेत. उथळ, भरभर, शेवटी जरासा अडकणारा. तसाच चालला होता. छाती वर, खाली, वर, खाली.

माळ मात्र तिच्याबरोबर हलत नव्हती.

मी उठून जवळ गेले. चष्मा पुसला. कॉलरच्या खाली, गळ्याच्या खळगीत, मणी सावकाश वर येत होते. इराचे तीन श्वास व्हायचे तेव्हा त्यांचा एक. वर येऊन थांबायचे. इतका वेळ थांबायचे की आता खाली जायचेच नाहीत असं वाटावं. मग एकदम दमून खाली बसायचे. पंख्याचा वारा, असं मी म्हणून पाहिलं. पंखा बंद केला. घामाने माझी पाठ भिजली, पण मणी तसेच वर येत राहिले, तसेच खाली बसत राहिले. त्या खाली बसण्यात इतका थकवा होता की मला, भीती वाटायच्या आधी, त्याची कीव आली.

मी सोफ्याच्या मागे वाकले आणि तिच्या मानेखालून हूक शोधायला लागले.

"कशाला काढता?" ती म्हणाली.

डोळे मिटलेलेच होते. आवाज इराचाच होता. पण इराने मला जन्मात कधी 'अहो-जाहो' केलं नव्हतं.

"रम्याला द्यायचीय," मी म्हणाले. माझा आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला.

"आणखी दोन दिवस राहू द्या ना." ती विनवत होती. जोर नव्हता, राग नव्हता. "इथे वारा चांगला येतो. पाय दुखत नाहीत."

मी हूक धरून तशीच राहिले. किती वेळ, सांगता येणार नाही. माझ्या मनात त्या वेळी काय आलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मनात आलं, की ही जेवते, हसते, माझे पाय चेपते. मनात आलं, की दोन दिवस तर मागते आहे.

मग मी हूक काढला.

तिने अडवलं नाही. एक उसासा टाकला आणि मान एका बाजूला कलली. "इरा," मी हाक मारली. "इरा!" खांदे हलवले. अंग ऊबदार, श्वास नीट. पण ती उठेना. गालावर पाणी मारलं तरी पापणी हलली नाही.

मधुसूदन डोळे चोळत बाहेर आले. "काय झालं?"

"अहो, हिच्याजवळ बसा. हात सोडू नका. मी माळ देऊन येते."

"अगं, ही उठत नाहीये, आणि तू माळ कसली देतेस? डॉक्टरला फोन कर!"

"तुम्ही करा," मी म्हणाले आणि पायात चप्पल अडकवली.

६

आमच्या वेलचेरीहून एग्मोरला रिक्षाने पाऊण तास लागला. माळ मी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली होती, आणि पर्स मांडीवर. रुमालातून ती हलताना कळत होती. मी खाली पाहिलं नाही.

रम्याने दार उघडलं. मी काही सांगायच्या आतच ती बाजूला झाली. "बरं झालं आलात. आज दुपारी जेवण लोटून दिलं. हाका मारून घसा बसलाय. शेजारचे आस्के विचारायला येतात."

खोली आतल्या बाजूला होती. एक खिडकी, तीही दुसऱ्या इमारतीच्या भिंतीवर उघडणारी. औषधांचा वास. वर पंखा जोरात फिरत होता आणि प्रत्येक फेऱ्याला कट्ट वाजत होता. पलंगावर एक वृद्ध बाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. पातळ पांढरी वेणी. पाय सुजून खांबासारखे झालेले. गळ्यावर, माळ जिथे पन्नास वर्षं होती तिथे, फिकट पट्टा.

"आत्ते," रम्या म्हणाली. "कोण आलंय बघ."

त्यांनी मान वळवली. मी त्यांना त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी मला पाहिलं आणि त्यांचा सगळा चेहरा थरथरायला लागला.

"आई," त्या म्हणाल्या. घोगरा, फाटलेला आवाज. "आई, प्लीज, तो फॅन स्लो कर ना. माय हेड इज बर्स्टिंग."

रम्या माझ्याकडे बघत होती. "हे असं," ती हळूच म्हणाली. "आत्तेला इंग्रजी येत नाही, आंटी."

मी रेग्युलेटर दोनवर आणला. पलंगाच्या कडेला बसले. सुरकुतलेला हात पुढे आला आणि त्याने माझ्या पदराचं टोक मुठीत घट्ट पकडलं. शाळेच्या पहिल्या दिवशी गेटपाशी इराने धरलं होतं तसं. मी तो हात सोडवला नाही. एका हाताने माळ काढली, त्या बाईंची मान उचलली, आणि मागे हूक शोधायला लागले. हूक दोनदा निसटला. बावीस वर्षांत माझ्या हातून हूक निसटला नव्हता.

तिसऱ्यांदा लागला.

पदर धरलेली मूठ सैल झाली. त्या बाईंनी दीर्घ श्वास घेतला, आणि मणी त्यांच्याबरोबर वर आले, त्यांच्याबरोबर खाली गेले. डोळे उघडले तेव्हा मी त्यांच्या ओळखीची नव्हते. की होते, पण वेगळ्या नात्याने. त्यांनी आपल्या सुजलेल्या पायांकडे बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे.

"बैसा," त्या म्हणाल्या. "कापी घेऊन जा."

रम्याने तोंडावर हात दाबून धरला. तिला आनंदाने रडू फुटलं होतं. "बोलली! आंटी, आपलं बोलली!"

मला तिथे कॉफीचा घोट घेता आला नसता. मी उठले. दाराशी पोचले तोच मधुसूदनांचा फोन आला. ते ओरडतच होते. "उठली! पाणी मागितलं. डॉक्टर येतच होते, त्यांना नको सांगू का?"

"येऊ देत," मी म्हणाले.

७

घरी पोचले तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. डॉक्टर तपासून गेले होते. गोळ्यांमुळे गाढ झोप लागली असेल म्हणाले. मधुसूदन स्वयंपाकघरात खिचडी टाकत होते. इरा आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून.

मी दारात उभी राहिले. तीन महिने ज्या पाठीकडे बघून माझा जीव गोळा व्हायचा, तीच पाठ. पुन्हा तोच टी-शर्ट चढवलेला. मला इतकं बरं वाटलं की मी चौकटीला टेकले.

"आई," ती वळून न बघता म्हणाली. "डोर लाव."

मी आत आले, दार लावलं, आणि तिच्याजवळ पलंगावर बसले. केसांतून हात फिरवला. केसांना मोगऱ्याचा वास येत होता.

"ती रूम फार डार्क होती," ती म्हणाली.

मी हात थांबवला.

"लेग्ज हलायचेच नाहीत. कॉल केलं तर कुणी दुसरंच यायचं." तिचा आवाज सपाट होता, तक्रार नव्हती त्यात. "त्या रम्याने मला भरवलं. चांगली आहे ती. आई, किती दिवस झाले?"

"दहा," मी म्हणाले. "झोपेत माणसाला काहीही दिसतं, बाळा. गोळ्यांनी होतं असं." हे मी तिला सांगत होते की मला, कळत नव्हतं.

"हं," ती म्हणाली.

बाहेर कुकरची शिट्टी झाली. मधुसूदनांनी गॅस बारीक केला. भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडात टीव्ही चालू होता. मला वाटलं तिला झोप लागली. मी उठायला लागले, तेव्हा तिने विचारलं.

"ती इथे होती तेव्हा तुम्ही दोघं हसायचात. मला ऐकू यायचं." मग थोड्या वेळाने, "तुला ती जास्त आवडली का गं?"

त्रिपुरसुंदरीबाई अजून आहेत. रम्या मधूनमधून फोन करते, मी उचलत नाही. इरा हल्ली संध्याकाळी बाल्कनीत येऊन बसते, कधी अर्धी पोळी खाते. डॉक्टर म्हणतात, सुधारणा आहे. जेडचं काम मी घेत नाही. मोती घेते, पोवळी घेते, मान धरते, चार वाजता उठते.

त्या संध्याकाळी मी 'नाही' म्हणाले. अगदी स्पष्ट म्हणाले. पण लगेच म्हणाले नाही, आणि मी म्हणेपर्यंत तिने कूस बदलली होती.